तीन लिटरची सॅक

सायकलच्या दुकानात, बिलाच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी होत्या. नळीवाली पाण्याची सॅक आईच्या पाठीवर होती.

“आई, उड्या काय मारतेस गं, लोक बघतायत.”

“बघू देत. डोंगर उतरताना ही हलते का, ते घरी जाऊन कळणार का?”

“परवापर्यंत माझी सायकल विकायला निघाली होतीस.”

“बाटली काढायला हात सोडलास आणि खांदा मोडून घेतलास, म्हणून. आता नळी तोंडाशी, दोन्ही हात हँडलवर.”

“कबूल. पण तीन लिटरचं ओझं कशाला? मला दोन पुरतं.”

“तुझी दोनचीच घेतलीय. ती बघ, काउंटरवर.”

“मग ही?”

“मला तहान जास्त लागते.”