भाऊसाहेबांचा कोंबडा, बोली पुन्हा सुरू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे खजिनदार आदरणीय जेठमलशेठ, मंचावर दाटीवाटीनं बसलेले मान्यवर, मंचावर जागा मिळाली नाही म्हणून पहिल्या रांगेत गंभीर चेहऱ्यानं बसलेले मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आपले क्लार्क दलपत पाटील, म्हणजे आपले भाऊसाहेब, त्यांच्या सौभाग्यवती रुक्मिणीबाई, धानोऱ्याहून टेम्पो करून आलेले त्यांचे पाहुणे, माझे सहकारी, आणि जेवणाचा वास येऊ लागल्यापासून माझ्याकडे न बघणाऱ्या विद्यार्थी मित्रांनो,

मी सुषमा. या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे निरोपाचं भाषण दरवेळी माझ्याच गळ्यात पडतं. आतापर्यंत मी इथून सहा जणांना निरोप दिला. सहाही जण मनमिळाऊ, हसतमुख आणि शाळेचा आधारवड होते. भाऊसाहेबांबद्दल असं काही म्हणायची सोय नाही. ते मनमिळाऊ नाहीत. किरकोळ रजेचा अर्ज घेऊन गेलं की ते आधी अर्जाकडे बघतात, मग आपल्याकडे, आणि आजार खरा आहे का ते चेहऱ्यावर शोधतात.

पण खरा आजार तीन वर्षांपूर्वी त्यांनाच झाला. जिना चढताना मधेच बसायला लागले. सुरतेला दाखवलं, तर हृदयाची एक झडप निकामी झालेली. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात बदला, त्यापुढची खात्री देत नाही. आपली शाळा विनाअनुदानित. सरकारी योजनेत जेवढं बसत होतं तेवढं बसवलं. राहिलेला आकडा ऐकून आम्ही स्टाफरूममध्ये चहा न पिता बसलो, यावरून काय ते ओळखा.

साहजिकच आम्ही वर्गणी काढायचं ठरवलं. आता, शाळेतली प्रत्येक वर्गणी गोळा करणारा माणूस कोण? भाऊसाहेब. लग्न असो, बारसं असो, कोण किती देताना किती कुरकुरलं हे त्यांना तोंडपाठ. त्यांच्या घरी गेलो, तर त्यांनी आम्हाला दारातच अडवलं.

"माले वर्गणी नको," ते म्हणाले. "वर्गणी लिसन वाचनू, तर जनमभर तुमना समोर मान खाले घालीसन चालनं पडी. मंग कोनी रजा मांगी तर मी नही कसा म्हनू?"

बघा! माणूस मरायला टेकलाय, आणि चिंता कसली, तर पुढे आमच्या रजा नाकारता येणार नाहीत याची.

आम्ही समजावलं, रागावलो. शेवटी त्यांनी एक मार्ग काढला. अंगणात त्यांचा कोंबडा फिरत होता, तांबडा, तुऱ्याला चीर पडलेला. म्हणाले, "तो मन्हा शे. तो ईका. त्याना जे येतीन ते मन्हा. त्यान्हावर एक रुपया नको."

रुक्मिणीबाई आतून म्हणाल्या, "येडा व्हयनात का तुम्ही? पाचशेना कोंबडा तो!"

भाऊसाहेबांनी दार लावून घेतलं. आमच्यापुढे आता एकच काम उरलं. एका कोंबड्याच्या किमतीत हृदयाची झडप बसवायची.

इथे आले आपले खेळाचे शिक्षक सॅम्युअल गावीत सर. सरांचा आवाज तुम्ही ऐकताच. ते मैदानावर 'सावधान' म्हणतात तेव्हा हायवेवरचे ट्रक हळू होतात. त्यांच्या चर्चमध्ये भातकापणी झाली की कापणीचा सण असतो, आणि तो नेमका त्याच आठवड्यात आला होता. लोक शेतातलं पहिलं पीक आणतात. भात, तूर, भोपळे, अंडी, कोंबड्या. उपासना झाली की अंगणात सगळ्याचा लिलाव होतो आणि लिलाव सर करतात. त्यात एक रीत आहे. घेणाऱ्यानं पैसे द्यायचे, आणि मनात आलं तर वस्तू परत अर्पण करायची. मग ती पुन्हा विकली जाते. एकेक भोपळा तीन-तीन घरांना विकलेला मी पाहिलाय. सरांनी पाळकसाहेबांना गाठलं. एक वस्तू भाऊसाहेबांची म्हणून लिलावात ठेवायची आणि तिचे पैसे त्यांनाच द्यायची परवानगी मिळाली.

त्या सणाला दरवर्षी आपले शेठजीही जातात. गावचा व्यवहार आहे, मान आहे. एक भोपळा घेतात, दोन शब्द बोलतात, निघतात. त्या वर्षीही पांढरा झब्बा घालून, मांडीवर भोपळा ठेवून पुढच्या खुर्चीत बसले होते. शेठजी जैन. पाणी गाळून पिणारे. आणि सरांनी कोंबडा उचलला तो नेमका त्यांच्या समोर.

"तीनशे!" मागून कोणीतरी म्हणालं. "चारशे!"

"चारशे?" सर गरजले. "अरे, हा मार्थाबाईंच्या चुलीवर जाणारा कोंबडा आहे! मार्थाबाई, मसाला वाटलाय का?"

मार्थाबाई म्हणजे आपल्या शाळेचा पोषण आहार शिजवणाऱ्या. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "वाटलाय, सर. पाणीपण ठेवलंय उकळायला."

शेठजींनी डोळे मिटले. "पाच हजार," ते हळूच म्हणाले.

एक वार, दोन वार, तीन वार. टाळ्या! शेठजींनी जीव वाचवला म्हणून सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात सरांनी अतिशय नम्रपणे विचारलं, "शेठजी, घरी नेणार?"

"घरी? माझी आई मला अंगणात झोपवेल!"

"मग परत देता?"

"देतो, देतो. सांभाळा त्याला."

"परत आला!" सरांनी कोंबडा पुन्हा वर धरला. "दुसरी बोली! मार्थाबाई, पाणी उकळलं का?"

मांडीवरचा भोपळा घरंगळत थेट पाळकसाहेबांच्या पायाशी गेला.

पुढे काय काय झालं ते सगळं सांगत नाही, जेवण थंड होईल. दोनदा गावातल्या शेतकऱ्यांनी चौघं-चौघं मिळून घेतला आणि परत दिला. एकदा आम्ही शिक्षकांनी घेतला. दर वेळी कोंबडा परत आला, दर वेळी मार्थाबाईंनी मसाल्यात एक जिन्नस वाढवला, आणि दर वेळी शेठजी खुर्चीत थोडे पुढे सरकले. शेवटी लसणाचं नाव निघालं, तेव्हा ते उठलेच. सरांच्या हातातून कोंबडा घेतला, स्वतःच्या हातांनी छातीशी धरला. कोंबड्यानंही त्या पांढऱ्या झब्ब्यावर आपला अभिप्राय नोंदवला.

"बस," शेठजी म्हणाले. "आता किती कमी पडतात, ते सांगा."

सरांनी खिशातून हिशोबाचा कागद काढला.

"सर, मला एवढा भोळा समजता काय? पहिल्या बोलीलाच समजलो होतो. पण दलपतभाऊ ऐकत नाहीत ना. म्हणून बसून राहिलो."

आणि त्यांनी खिशातून फोन काढला. सुरतेला त्यांचा पुतण्या अंकित कापडाचा व्यापार करतो. त्याला सगळ्यांसमोर, स्पष्ट शब्दांत सांगितलं, "आमच्या शाळेचे क्लार्क आजारी आहेत आणि एक कोंबडा संकटात आहे. नातेवाइकांना विचार, कोण काय देतं." तासाभरात पैसे जमा होऊ लागले. सोबत निरोपही येत होते. बहुतेकांनी क्लार्कसाठी पाचशे लिहिले होते आणि कोंबड्यासाठी अकराशे.

मी हे भाऊसाहेबांना सांगायला गेले तेव्हा जरा घाबरलेच होते. त्यांनी मला आकडे दोनदा वाचायला लावले. मग म्हणाले, "म्हनजे मन्हापेक्षा कोंबडाले भाव जास्ती भेटना!"

"हो. आणि ते सगळं शेठजींच्या शेवटच्या बोलीत धरलंय, म्हणजे कोंबड्याचीच किंमत आहे. एक रुपया वर नाही."

"मंग घेतस," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. रुक्मिणीबाई मला म्हणाल्या, "ताई, आते जा. त्यासले रडू द्या." माफ करा भाऊसाहेब, हे सांगायचं नव्हतं, पण आज तुम्ही माझी रजा नाकारू शकत नाही.

झडप बसली. भाऊसाहेब आले, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी सॅम्युअल सरांचा रजेचा अर्ज परत पाठवला. कोंबडा कायद्यानं शेठजींचा, पण राहतो शाळेत. ज्वारी शेठजींच्या दुकानातून येते. परीक्षेच्या वेळी वर्गावर्गातून फिरतो म्हणून आम्ही त्याला पर्यवेक्षक म्हणतो. सॅम्युअल सर तीन वर्षं त्याच्याकडे ज्या भुकेल्या नजरेनं बघताहेत, ती नजर शेठजींना माहीत आहे.

आता शेवटचं. आजचं जेवण मार्थाबाईंनी केलंय. नको म्हटलं तरी केलं. त्यांच्या पोटात गाठ आहे आणि या महिन्यात ती काढायलाच हवी, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. वर्गणीचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "नको गं बाई, सगळ्यांना आपापला संसार आहे." मी हे भाऊसाहेबांना सांगितलं. सोमवारी, ऑफिसात. त्यांनी चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "कोंबडा कोठे शे?"

तर सभागृहाला कळवते, की पहिली बोली भाऊसाहेबांची आहे. निवृत्त होताना त्यांना शाल नको होती, सत्कार नको होता, त्यांना फक्त बोली लावायची होती. मार्थाबाई दवाखान्यात जाणार असल्यामुळे या वेळी रस्सा सॅम्युअल सर स्वतः करणार आहेत, आणि सरांच्या हातचं ज्यांनी खाल्लंय त्यांना कोंबड्याची जास्तच दया येईल. भाऊसाहेबांनी तो कापायचा नाही असं आधीच ठरवलंय, पण हे शेठजींना कोणी सांगू नका.

माइक चालू आहे? असू द्या.

भाऊसाहेब, तुम्हाला निरोगी आयुष्य लाभो. आपण सर्वांनी उपाशीपोटी माझं ऐकलंत, त्याबद्दल आभार मानते. बोलण्याच्या ओघात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचं गुपित फुटलं असेल, तर पदरात घ्या. विशेषतः अध्यक्षमहाराज, आपली परवानगी न घेता आपला कोंबडा मंचावर येतोय, त्याची क्षमा असावी. सॅम्युअल सर, आणा त्याला.

आणि शेठजी, मी अजून खाली बसलेसुद्धा नाही. सुरतेला फोन कशाला लावताय?