डाक आवृत्ती

बसा ना, उभे काहून? पन ते पिशवी उचला आधी. शेंगा असो का संत्रे, बातमीपायी कोनाच्या घरचं काही घेत नाई आपन, उभ्या जिंदगीत घेतलं नाई — पयलेच सांगून ठेवतो. नांदगाव खंडेश्वरहून आले म्हनता, पोरगी पौर्णिमा, कबड्डीवाली — बस, मंग काहून आले हे सांगाची गरजच नाई, सूर्यभानभाऊ. पेपरात छापून आलं तिवसा जिंकलं, अन् जिंकलं नांदगाव. कप तुमच्या घरी अन् हार पेपरात. मालूम हाये मले.

आता ऐका. डाक आवृत्ती म्हनजे काय, मालूम हाये? नसनच. कोनालेच नसते. खेड्यावर जाते थो अंक म्हनजे डाक आवृत्ती — छपाई अकोल्याले, गाडी लवकर निघते, म्हून बातमी दिवस मावळाच्या आत पाठवा लागते. अन् फायनल कवा सुरू झाली? उन्हं उतरल्यावर! पाहुण्यायचे भाषनं संपता संपेनात. मध्यंतराले तिवसा अकरा गुणांनी पुढं — अकरा — मंग मी काय करू, वाट पाहू? लिहून टाकलं, तिवस्याच्या मुलींनी चषक पटकावला, अन् देल्लं पाठवून. असंच चालते हे, सगळेच करतात, आजवर कोनी बोट ठेवलं नाई. तुमच्या पोरीनं मागून चढायांवर चढाया मारल्या, त्याले माहा इलाज नाई. अन् शहराच्या अंकात केली ना दुरुस्ती, मीच फोन करून केली — अमरावतीचा पेपर पाहा, नांदगावच जिंकलं हाये. फकस्त नांदगावात नांदगाव हरलं.

हसू नका. मी? मी तवा मैदानावरच — म्हनजे मंडपात, मागच्या बाजूनं, पाहुण्यायसोबत चहा घेत होतो. घ्यावा लागते भाऊ! पाहुण्याचं नाव चुकलं तर संपादकाचा फोन येते, खेळाडूचं चुकलं तर कोनाचाच येत नाई. हे धंद्यातली गोष्ट हाये, ब्लॉगवाल्यायले काय समजते? निघाले आता गल्लोगल्ली. हातात मोबाइल, रेषेपाशी फतकल मारून बसाचं, पाहुना कोन, संयोजक कोन, पत्ता नाई. कोनी नेमलं यायले? कोन तपासते यायचं? संपादक नाई, आवृत्ती नाई, मनाले येईन थे लिहाचं — पोरगी रडली, तिच्या बापानं टोपी उडवली — हे काय बातमी हाये? उडवली होती का तुमी टोपी? ... उडवली. बरं. उडवा. पन बातमीत गुण पायजे, टोप्या नाई, असं मी तोंडावर म्हटलं तिले, जेवताना, तर म्हनते कशी, बाबा, तुमी तर शेवटची चढाई पाह्यलीच नाई. बापाले! भाजी वाढता वाढता!

... व्हय. माहीच पोरगी हाये. प्रियदर्शनी. त्यात लपवाचं काय? लहानपनी खांद्यावर बसवून मैदानावर मीच नेत होतो, चढाई कोनती, पकड कोनती, मीच शिकवलं. शिकली, मोठी झाली, म्हटलं पेपरात चिकटवून देतो — तर नाई म्हने. तिथं नाव येत नाई म्हने. आता नाव नाईच येत! 'क्रीडा प्रतिनिधी' — संपलं. केस पांढरे झाले माहे क्रीडा प्रतिनिधी लिहिता लिहिता, तुमच्या गावच्या किती पोट्ट्यायले मी पेपरात आनलं, पन हा देवमन कोन असं नांदगावात इचारा बरं — कोनी सांगन? अन् ब्लॉगवर तिचा फोटो पाहा, नावाच्या बाजूले, दात काढून हसून राहिली. मी वाचत नाई थे. म्हनजे काल वाचलं, शेवटी झालं काय हे कळाले पायजे म्हून. तीन पोरी अंगावर, पौर्णिमा खाली, अन् रेषेवर तिचं एक बोट — नुसतं बोट. पुन्हा एक डाव वाचलं मी. बरं लिहलं हाये. चांगलं लिहलं हाये, आता काय सांगू. जळलो मी वाचून.

पन पेपर थो पेपर! शेवटी आलेच ना तुमी इथं? कात्रण फ्रेम करून भितीवर लागते, मोबाइल लागते का? ब्लॉग आज हाये, उद्या कोन इचारते त्याले. लोकायले छापलेलं लागते, शाईतलं. काळजी करू नका, खुलासा देतो, उद्याच्याच अंकात, डाक आवृत्तीत सुद्धा. आपल्या हातातलं काम हाये. पोरीचा फोटो आनला?

काय? ... नाई पायजे? खुलासा नाई पायजे? ... गावात सगळ्यायनं मोबाइलवर पाह्यलं म्हनता. म्हातारे बी? बरं. अन् पेपराचं काय म्हटलं गावानं? ... काहीच नाई? शिव्या बी नाई देल्ल्या कोनी?

थांबा, थांबा. हे पिशवीत शेंगायवर झाकलं थे — आमचाच अंक हाये ना हा? बातमी वरच हाये. तिवस्याच्या मुलींनी. हं.

मंग आले कोनासाठी? ... मॅडम? कोनत्या मॅडम?

...

वर राह्यते थे. जिना बाहेरून हाये. पिशवी घेऊन जा, इथं काहून ठेवली? अन् तिले सांगा का — नाई, काही नका सांगू. जा. दार लावून घ्या जाताना.