गवतातलं नरसाळं

हाडांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर सासू-सून नंबरची वाट बघत होत्या.

“सगळं गवत कापलंस, मग फाटकाजवळचं तेवढंच का ठेवलंस?”

“तिथे कोळ्याचं जाळं आहे, आई. अगदी नरसाळ्यासारखं. कोळी त्याच्या नळीत बसून असतो.”

“बसून करतो काय?”

“जाळ्यावर कुणाचा पाय पडला, की त्याला आतल्या आत कळतं. लगेच धावत बाहेर येतो.”

“म्हणजे दिवसभर दाराशी बसून कोण आलं नि कोण गेलं, एवढंच? दुसरा उद्योग नाही मेल्याला! आजच कापून टाक.”

“घरी गेल्यावर कापते.”

“काल सव्वातीनला बाहेर पडलीस ती चार वीसला आलीस. तेवढ्यात कापून झालं असतं.”

“तुम्ही तर झोपला होतात ना?”

“फाटक करकरलं, की मला पलंगावर कळतं.”

“हो का?”

“हसतेस काय?”

“कुठे काय! मग कापू ना आज?”

“राहू दे.”

“आता का?”

“उद्या गुडघ्याचं ऑपरेशन. मी आठ दिवस इथे पडून. तोवर फाटकाशी कुणीतरी हवं ना!”