जोडीचा रोजा

...नाही, चूक माझीच, मी कुठं नाही म्हणतो, पण तुम्हाला सांगतो, शेजारची बाई डोळ्याला पदर लावून दारात उभी राहिली की माणसानं सरळ मागच्या दारानं निघून जावं, माडाच्या बुंध्याला टेकून बसावं आणि दिवे लागेपर्यंत परतू नये, कारण एकदा का तुम्ही "काय झालं, भाबी?" असं विचारलंत की संपलं. मी विचारलं. आणि अख्खा वैशाख उपाशी राहिलो. मी, धोंडू होडीवाला! बघा माझ्याकडे नीट. हा देह उपासाचा दिसतो? अहो, एकादशीला माझी बायको सगुणा उपास करते, आणि मी तिच्यातले वऱ्याचे तांदूळ खाऊन वर माझं रोजचं जेवतो. देवळात कीर्तन असलं तर प्रसादाची वेळ विचारून निघतो. मी मुळात जेवणारा माणूस, हो.

तर हमजा. हमजा सोलकर आणि मी, बावीस वर्षं एका होडीवर. राजिवड्याच्या धक्क्यावरनं माणसं घ्यायची, खाडी ओलांडून भाट्याला सोडायची, तिकडची इकडे आणायची. पुढचं वल्हं माझं, मागचं त्याचं. घरंसुद्धा शेजारी शेजारी, मध्ये फक्त चिऱ्यांचा एक गडगा, तोही कमरेएवढा. त्या साली फाल्गुनात हमजाला हिवतापानं धरलं, महिनाभर अंथरुणात, उठला तेव्हा सदरा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबत होता. वैद्यांनी बजावलं, "हमजा, यंदा रोजे धरायचे नाहीत. रिकाम्या पोटी उन्हात वल्हं मारलंस तर मी जबाबदार नाही." बरं, वैद्य हिंदू, त्यांना काय कळतंय असं म्हणावं, तर मशिदीतले मौलवीसाहेबही तेच म्हणाले, की आजाऱ्याला सूट आहे, बरा झालास की पुढं भरून काढ. हमजानं दोघांचं ऐकलं, दोघांना "बरं" म्हणाला. आणि हमजा "बरं" म्हणाला की तो ऐकणार नाही, हे त्याच्या बायकोला, मरियमबीला, चांगलं ठाऊक. म्हणून ती आमच्या दारात.

"धोंडूभाऊ, तुमचा ऐकतो तो."

माझं? बावीस वर्षांत त्यानं माझं एकदाच ऐकलं. मी "थांब" म्हणालो तेव्हा होडी थांबवली, तीही खडकाला घासल्यावर. पण ती रडत होती, सगुणा माझ्याकडे बघत होती, आणि मला, काय दुर्बुद्धी सुचली बघा, एक युक्ती सुचली. मी गडग्याशी गेलो, म्हटलं, "हमजा, तू रोजा धरणार ना? धर. मग मीही धरतो. तू सोडशील त्या दिवशी मी सोडीन." माझा हिशेब सरळ होता, की हा दुसऱ्याला उपाशी बघू शकत नाही, होडीत भाकरी सोडली तर आधी माझ्यापुढं करतो, तेव्हा दुपारपर्यंत माझा चेहरा बघून स्वतःच म्हणेल, जाऊ दे, आपण दोघंही जेवू.

हमजा माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले. गडग्यावरून वाकून त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "खराच धरशील? मना यंदा एकट्याला भ्याव वाटत होता रे."

त्याच्या मागं दारात मरियमबीनं कपाळावर हात मारून घेतला. मीही मारून घेतला असता, पण माझे दोन्ही हात हमजाच्या हातात.

पहिल्या दिवशी पहाटे गडग्यावरनं हाक. "धोंडू, ऊठ. वेळ झाला." सगुणा आधीच उठलेली, चूल पेटलेली, तांदळाच्या भाकऱ्या, बांगड्याचं कालवण. मी म्हटलं, दिवसभराचं आत्ताच भरून ठेवू, काय अवघड आहे? सहा भाकऱ्या खाल्ल्या. धक्क्यापर्यंत चालताना वाकता येईना. आणि तुम्हाला सांगतो, सकाळचे आठ वाजले नाहीत तोवर त्या सहाही भाकऱ्या कुठं गेल्या त्यांचा पत्ता नाही, राहिलं काय, तर बांगड्याचं तिखट. आणि तहान. वैशाखातलं ऊन, चारी बाजूंना पाणीच पाणी, आणि सगळं खारं. त्यात दिवस कसले? हापूसचे. पावसकडच्या बागांतनं करंड्या यायच्या, होडी काठोकाठ भरायची, आणि मी त्या करंड्यांच्या मधोमध बसून वल्हं मारायचं, वारा आला की वास, वारा पडला की जास्त वास. होडीतली एक म्हातारी मला म्हणते, "धोंडू, डोळे मिटून रे काय वल्हवतोस?"

चौथ्या-पाचव्या दिवसापासून आणखी एक प्रकार सुरू झाला. हमजाच्या हातात जोर नाही, माझ्या हातात त्याच्यापेक्षा थोडा जास्त, त्यामुळं होडी सरळ जायचं सोडून वळायची. मी हात आवरून मारावं तर हमजाला कळायचं, त्याचा पाणउतारा व्हायचा, मग तो ईर्ष्येनं मारायचा आणि होडी दुसऱ्या बाजूला वळायची. शाळेतले एक मास्तर रोज आमच्या होडीनं यायचे, फार सभ्य माणूस. खाडीच्या मध्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "मला एवढंच सांगा, समोर दिसतंय ते भाटं, की आपण निघालो तो धक्का?" हमजा खो-खो हसला. मला हसायलाही येईना, हसायला पोटात काहीतरी लागतं. मी मुळात जेवणारा माणूस, हो.

पण संध्याकाळचं सांगतो. सूर्य खाली गेला की आम्ही होडी बांधून धक्क्यावरच बसायचो. मरियमबी फडक्यात खजूर, कलिंगडाच्या फोडी आणि दोन शहाळी पाठवायची. फळाला कसला बाट, असं सगुणेनंच ठरवून टाकलं होतं, म्हणजे वाडीतल्यांनी विचारलं तर उत्तर तयार. पुढं दहाव्या दिवसापासून फडक्यात सांदणंही यायला लागली, गुळाची, मऊ, वाफाळती, आणि ती मी खाल्ली की नाही ते कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा तो विषय सोडू. तर बांग व्हायची. हमजा खजुराचे दोन भाग करायचा आणि पहिला भाग माझ्या हातावर ठेवायचा. रोज. दिवसभर ओठ कोरडे पडून फुटलेले, पण आधी मला. मी म्हणायचो, "अरे तू घे ना." तो म्हणायचा, "तू पाव्हणा हायस रोज्याचा." तो अर्धा खजूर... जाऊ दे. मला वर्णन करता येत नाही. जिलबी खाल्लीय मी, बासुंदी खाल्लीय, पण तसं काही नाही.

जिलबीवरनं आठवलं. बाराव्या दिवशी माझ्या भाचीचं, चिमाचं, लग्न. मी सख्खा मामा. वाडीतच मांडव, दुपारची पंगत, केळीच्या पानावर जिलबीची ही रास, आणि मी पानावर हात जोडून बसलेला. वाढपी आला, मी "नको." भात आला, "नको." मठ्ठा आला, तेव्हा मी तोंडच फिरवलं, बघवेना. झालं. पंगतीत कुजबुज. मुलीचा मामा रुसला! कुणी म्हणालं, याला आहेराचं उपरणं हलकं दिलं. कुणी म्हणालं, याला मानानं बोलावलं नाही. नवऱ्यामुलाचा बाप स्वतः उठून आला, पगडी काढून माझ्यासमोर उभा, "मामासाहेब, आमचं काय चुकलं ते सांगा." माझी बहीण रडायला लागली, चिमा रडायला लागली, वऱ्हाडातल्या बायका चिमा का रडते म्हणून रडायला लागल्या. मी म्हटलं, "अहो, मी रोजा धरलाय."

वाजंत्रीवाला वाजवायचा थांबला.

व्याह्यांनी पगडी डोक्यावर ठेवली आणि हळूच माझ्या मेव्हण्याला विचारलं, "यांच्यात हे कधीपासून?" तेव्हा सगुणा बायकांतून पुढं आली आणि मोठ्यानं म्हणाली, "शेजारी आजारी आहे, त्याच्या जिवासाठी धरलाय. जेवा आता सगळे." सगळे जेवले. चांगले जेवले, मी मोजत बसलो होतो ना. वर व्याही जाताना माझ्या पाया पडले. मला पाया पडणं नको होतं, मला जिलबी हवी होती.

त्यानंतर मात्र मी खचलो. खोटं कशाला सांगू, सतराव्या दिवशी मी ठरवलं, आता बास. दुपारी प्रवासी नव्हते, हमजा होडीच्या सावलीत पडलेला. मी करंडीतनं निसटलेला एक हापूस उचलला आणि नाव ठेवायच्या मांगराच्या मागं गेलो. देठ काढला, तोंडाजवळ नेला. सहज वाकून बघितलं, तर हमजा उठून पाण्याशी आला होता, पंचा खारट पाण्यात भिजवून डोक्याला गुंडाळत होता, आणि ते करताना त्याला दोनदा खाली बसावं लागलं. मी आंबा टाकला... म्हणजे ठेवला, आणि त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, "हमजा, कशाला रे हा हट्ट? मौलवीसाहेब सांगतात, वैद्य सांगतात."

त्यानं ओला पंचा डोक्यावर नीट दाबला. मग म्हणाला, "याकूबचा पत्र नाय आठ महिनं."

याकूब त्याचा मुलगा. एकुलता एक. आगबोटीवर भट्टीत कोळसा मारायला गेलेला, आफ्रिकेच्या बाजूला. मला वाटत होतं पत्रं येतात, कारण मरियमबी शेजारणींना तसं सांगायची. हमजा म्हणाला, "बारा वर्षांचा असल्यापासून माझा एक रोजा चुकला नाय. यंदाच चुकवला नि तिकडं पोराला कायतरी झाला, तर मी कोणाला तोंड दाखवू?"

मी मांगराच्या मागं गेलो, आंबा परत करंडीत ठेवला.

आणि एकोणिसाव्या दिवशी, भर दुपारी, खाडीच्या मध्यावर, मागचं वल्हं थांबलं. वळून बघतो तर हमजा वल्ह्यावर कपाळ टेकून पडलेला. होडीत मास्तर होते, दोन कोळणी होत्या. एका कोळणीच्या पाटीत शहाळं होतं, ते मी फोडलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, शहाळं तोंडाला लावलं. ओठ घट्ट मिटलेले. शुद्धीवर होता बरं, डोळे उघडे, माझ्याकडे बघतोय, आणि पीत नाही. "पी," मी म्हटलं. मान हलवली. "हमजा, याकूब परत येईल तेव्हा बाप नको का घरात?" तरी नाही. आणि मग माझ्या तोंडून गेलं, "उरलेले मी धरतो. महिना तुटायचा नाही. तू पी."

त्यानं तोंड उघडलं.

कोळणी रडायला लागल्या, मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला एवढंच सुचलं, की धोंड्या, आज सुटत होतास तू. तुझं तूच म्हणाला होतास, की तो सोडील त्या दिवशी मी सोडीन. आज संध्याकाळी जेवायला बसला असतास.

मी मौलवीसाहेबांकडे गेलो, म्हटलं काही वाट निघते का बघू. ते म्हणाले, "धोंडू, असा एकाच्या नावचा रोजा दुसऱ्याला धरता येत नाही. त्याचे चुकलेले त्यालाच पुढं भरावे लागतील." माझा जीव भांड्यात पडला. तर पुढं म्हणाले, "पण त्याला शब्द दिलायस, त्याच्या मनाला आधार आहे. धरलेस तर बरं होईल." म्हणजे मोजले जाणार नाहीत, पण धरायचे. आता मला सांगा, मोजलं न जाणारं उपाशी राहणं कुणी ऐकलंय कधी?

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. हमजा दुपारी पेज प्यायचा, पण माझ्यासमोर प्यायला लाजायचा, म्हणून होडीच्या पलीकडं जाऊन बसायचा, आणि मला इकडे भुरके ऐकू यायचे. वर मध्येच विचारायचा, "धोंडू, लय लागली काय रे?" संध्याकाळी मात्र बांग होईपर्यंत माझ्याबरोबर थांबायचा, तेव्हा खजूर तोंडात टाकायचा नाही, दोन्ही भाग मला द्यायचा. एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र दिसला. राजिवड्यात सगळ्यांत आधी कुणी बघितला? मी. माझ्या ओरडण्यानं माणसं घराबाहेर आली, अजून हसतात. ईदीला मरियमबीनं माझ्यापुढं शिरखुर्म्याचं पातेलंच ठेवलं, मी म्हटलं आता बघा, आणि तुम्हाला सांगतो, दोन वाट्यांत पोट भरलं. मी मुळात जेवणारा माणूस, हो. दोन वाट्यांत. मी तिथंच रडलो, सगळ्यांना वाटलं आनंदानं.

हमजा सुधारला, वल्हं धरायला लागला, होडी सरळ जायला लागली. आणि ज्येष्ठात टपालवाला धक्क्यावर आला. याकूबचं पत्र, मोंबासाहून. आम्ही दोघंही अंगठेबहाद्दर, मास्तरांनी होडीत वाचून दाखवलं. "मी खुशाल आहे. आधीची दोन पत्रं पोचली असतीलच." ती पोचली नव्हती, कुठं गेली देव जाणे. हमजा वल्हं सोडून दोन्ही हातांत तोंड धरून बसला, होडी वाहत चालली, मी एकटा मारतोय, मास्तर वाचताहेत, आणि मीसुद्धा, आता काय लपवायचं, डोळे पुसत होतो.

मग शेवटच्या ओळी आल्या. "अब्बा, बोटीवर भट्टीपुढं रोजे जमले नाहीत. एकोणतीसच्या एकोणतीस चुकले. दिवाळीला घरी येतो, तिथं भरीन."

हमजानं डोळे पुसले. माझ्याकडे बघितलं. फार प्रेमानं बघितलं. म्हणाला, "माझे अकरा, त्याचे एकोणतीस. पोराला एकट्याला कसा जमेल रे?"

मी म्हटलं, "हमजा, अरे, मी हिंदू माणूस."

"तेचा काय," हमजा म्हणाला, "तुला आता सवय झाली."