चौदा विसा चौदा

न्हाई न्हाई, खुर्ची नको बाई. हितं उंबऱ्यापशी बरं हाय, पाय सोडता येतात. तुमी बसा. तुमी उभ्या राहिल्या तर मला बोलाय यायचं न्हाई – आन् मी भांडाय आलेलो न्हाई, ते आदी सांगतो. मागं दोन बार फाटकापातुर येऊन गेलतो. तुमी डबा खात व्हत्या. जेवत्या माणसाला कशाला उठवायचं? तर ही वही. सहावीतल्या धनश्रीची – व्हय, तीच, आठ दिवस झाले शाळेत न्हाई ती. मी तिचा आजा, बंकट. हे पान बघा. हा लाल पेन तुमचाच हाय ना? मला वाचाय लई येत न्हाई, दुसरीपातुर गेलो मी, पण तिनंच वाचून दाखवलं. वर गणित हाय, एक हजार एकला सातानं भाग जातो का. खाली तिनं लिहिलंय – पन्नास वजा एक, एकोणपन्नास, जातो. त्याच्यावर तुमची फुली. आन् बाजूला तुमी लिहिलंय, 'कुणाचं पाहिलंस?'

उत्तर बरोबर हाय म्हणता? हाय ना. मंग? – तेच. उत्तर बरोबर आन् रीत येडी, म्हंजी पाहूनच लिहिलं असंल. तुमच्या जागी मी असतो तर मलाबी तसंच वाटलं असतं. आमचंबी तसंच व्हायचं की, दुसऱ्याचं मेंढरू आपल्यात दिसलं की आदी चोरीच वाटायची, चुकून आलं असंल असं मागून सुचायचं. पण तिनं पाहिलं न्हाई बाई. कुणाचं पाहणार? ती रीत साऱ्या वर्गात कुणापशी न्हाई. माझ्यापशी हाय. तुमी शिकवली तीबी तिनं मला सांगितली – शेवटचा आकडा दुप्पट करायचा आन् राहिलेल्यातून वजा करायचा. लई नामी हाय ती. पण मला ती जरा सावकाश लागती, दुप्पट करताना शेवटचा आकडा कोणता व्हता ते मी इसरतो.

आमी मेंढरंवाले. वीस-वीसनं मोजायचं. जाळीची वाघर लावायची, तिला एक फट ठेवायची, आन् त्या फटीतून मेंढरं एक-एक आत सोडायची. वीस गेली की एक खडा खिशात. असं करत सारी आत गेली की शेवटाला काही सुट्या राहतात, वीस भरत न्हाईत त्या. आता आमी सात भाऊ, खांड म्हंजी कळप एकच, वाटणी झालेली नव्हती. पण दर दिवाळीला वडील म्हणायचे, सातानं भाग जाईल इतकंच खांड ठेवा, म्हंजी कुणाच्या मनात कमी-जास्त येणार न्हाई. एक-दोन वर झाली की केजच्या बाजाराला. मंग भाग जातो का न्हाई हे बघायचं कसं? तर खिशातले खडे काढायचे आन् दर खड्याला एक सुटी मेंढी द्यायची. राखण्या म्हणून. विसाला एक राखण्या. वीस आन् एक, एकवीस – ती सात जणांत तीन-तीन जातात. म्हंजी जितके खडे तितक्याच सुट्या असल्या, की भाग गेला. चार विसा चार, गेला. नऊ विसा नऊ, गेला. आन् राखण्या कमी पडले, तर बिनराखण्याच्या विसा किती राहिल्या ते बघायचं. सात राहू दे, चौदा राहू दे, त्या भावांत वाटता येतात. सुट्याच जास्ती झाल्या तर त्याबी तशाच वाटायच्या. आता तुमचं एक हजार एक. पन्नास विसा आन् सुटी एक. एकाच विसाला राखण्या मिळाला, एकोणपन्नास तशाच राहिल्या. सात भावांना सात-सात विसा. एवढंच लिहिलंय तिनं.

करून बघा ना. सांगा कुठलाबी आकडा. – किती? दोन हजार सोळा. शंभर विसा, सुट्या सोळा. चौऱ्याऐंशी बिनराखण्याच्या. आन् चौऱ्याऐंशी म्हंजी परत चार विसा चार. जातो भाग. आता तुमच्या रितीनं करा, मी थांबतो.

आलं ना?

गेल्या साली तिला मी शाळेत इचारायला लावलं व्हतं, तेराची रीत काय म्हणून. तर ती म्हणली, आबा, तुमीच सांगा. म्हणलं, तेरा भाऊ असते तर निघाली असती, आमी सातच. लई हासली. पोट धरून हासली. तवा तिच्या बापाला जाऊन दोन वर्षं झालती, आन् घरात कुणी असं मोठ्यानं हासलं की आमची कारभारीण भामाबाई चुलीपसून वळून बघायची, कोण आलंय म्हणून.

व्हय, बाप न्हाई तिला. तुमच्या रजिस्टरात असंलच. सोमनाथ. तीन वर्षं झाली.

गेवराईकडं. सुगी झाल्यावर आमी गोदाकाठाला उतरायचो दरसाल. मोठा रस्ता ओलांडायचा व्हता, ऊन चांगलं वर आलतं. पुढं मी, मधी भामाबाई आन् घोडं, मागं सोमनाथ. मागं कायम तोच. लंगडं, दमलेलं, कोकरू, सारं मागं राहतं, ते ढकलत आणायला मागं चांगला माणूस लागतो. मी पलीकडच्या रानात उतरलो, मेंढरं यायला लागली, गाड्या करकर वाजत व्हत्या – त्या वाजतातच तिथं, रस्ताच तसला हाय. मला घोर मेंढरांचा. एवढ्या गाड्यांतून आली, एखादं राहिलं का, चिरडलं का. वाघर लावली, फट ठेवली आन् मोजाय लागलो. रस्त्याच्या कडंचे खडे उचलले. चौदा विसा झाल्या. सुट्या मोजल्या, चौदा. चौदा विसा चौदा. आपलं खांड तेवढंच व्हतं. एक कमी न्हाई. दर खड्याला राखण्या. मी भामाबाईला म्हणलं, पुरं हाय गं, समदं पुरं हाय. ती म्हणली – आन् सोमा?

पाणी हाय का बाई? न्हाई, राहू द्या. माठ लांब हाय.

मोजायला किती येळ लागतो तेवढ्या मेंढरांना? चिलीम विझंपातुर लागतो. तेवढा येळ तो रस्त्याच्या त्या कडंला व्हता, गाडीखाली सापडून. लोकं म्हणले, लगेच गेला, तुमी असता तरी काय झालं नसतं. म्हणले. मी रडलो न्हाई. तवाबी न्हाई, मंगबी न्हाई. काय झालंय मला कोण जाणं, आतून सारं आपलं हाताला मुंग्या आल्यावानी. लोकं येऊन बसायची, मी त्यांना चहा घ्या म्हणायचो. बाराव्यानंतर भावांनी वाटणी केली. दोनशे चौऱ्याण्णव, सात जणांना बेचाळीस-बेचाळीस. बरोब्बर गेला भाग. माझी बेचाळीस मंग मेव्हण्यानं नेली, माझ्यानं मागं चालणं व्हत न्हाई आन् पुढं चालू वाटत न्हाई. आता दोन शेरड्या हाईत. त्या काय मोजायच्या.

हे मी कशाला सांगत बसलो तुमाला. रितीचं सांगत व्हतो. – तर धनश्रीला मी शिकवलं ते त्याच खड्यांवर. चौदा खडे. बंडीच्या खिशात राहून गेलते, धुताना भामाबाईनं काढून कोनाड्यात ठेवले. पोरगी म्हणली, आबा, हे कशाचे? म्हणलं, मोजायचे. तिला कुठले ते सांगितलं न्हाई. तिच्या आईला, बबितालाबी ठावं न्हाई. तुमीबी सांगू नका. ती त्यांच्याशी खेळती बाई. त्यांना नावं ठेवलीत तिनं.

त्या दिशी तुमी तिला उभं केलं ना, कुणाचं पाहिलंस म्हणून, तर ती 'आबाचं' म्हणली असंल. म्हणली का? – मला वाटलंच. आन् पोरं हासली. पोरं हासणारच, त्यांचं काय. घरी आली, खडे कोनाड्यात ठेवले, आन् म्हणली, आबा, तुमची रीत खोटी हाय. म्हणलं, न्हाई गं. म्हणली, बाईनं फुली मारली. बाई म्हंजी बाई. तवापसून ती आईसंगं खुरपायला जाती. हात चांगला हाय तिचा, कुणीबी म्हणतं. बाई, तिथंच भ्या वाटतं मला. हात चांगला हाय म्हणून एकदा का पोरीला खुरपणाच्या पातीला लावलं की मंग ती पात सुटत न्हाई.

न्हाई, माफी नका मागू. माझी तर नकाच. तुमाला तरी काय ठावं असणार. तुमचं वय सोमनाथपरीस कमी असंल.

ही घंटा झाली का? रांग धराय लागली पोरं. ती निळ्या फितीवाली तुमची सहावी ना – पटावर किती हाईत? एकवीस. मी बसल्या बसल्या मोजली, सवय हाय. वीस हाईत. एक वीस, आन् सुटं कुणी न्हाई.

ती फाटकाबाहेर हाय, लिंबाखाली. माझ्यासंगं आली, आत यायला नको म्हणली. – मी न्हाई बोलवणार. माझ्या हाकंनं ती घरला येती. शाळंत यायला तुमचीच हाक पायजे.

वही राहू द्या तुमच्यापशी. मला उठाय येळ लागतो, माझ्यासाठी थांबू नका. जावा बाई. रांग आत चालली.