काठावरचं घर

सन्माननीय अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक सर. व्यासपीठावरचे आमचे शाखाप्रमुख. छापखान्यावरचं हे सभागृह दरवेळी कुरकुरत का होईना पण देणारे छापखानेवाले. पहिल्या रांगेत बसलेली माझी पत्नी. आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो!

तीनदा पडलेल्या उमेदवाराला सत्काराचं भाषण करायला उभं करायचं, याला छाती लागते. ती पक्षाने दाखवली, त्याबद्दल आधी आभार.

आज आपण दोघांना निरोप देतोय. हा उंच मुलगा, आमचा ‘शिडी’. पोस्टर लावायला याला स्टूल लागत नाही. आणि शेजारची ही ‘पण का’. शाखेत आल्यापासून प्रत्येक वाक्याला हिचं एकच, “पण का?” बारावी झाली, आता दोघं पुढच्या शिक्षणाला बाहेर चाललीत.

अकरावीत असताना ही पोरं शाखेत आली, तेव्हा आम्हाला काय वाटलं? सतरंज्या उचलायला माणसं मिळाली! सर, तुम्ही माझ्या चष्म्यांच्या दुकानात येऊन म्हणालात, “अहो, पोरांचं वर्ष वाया घालवाल.” मी म्हणालो, “छे छे सर, हे राजकारण नाही, संघटनकार्य आहे.” खरं सांगतो, फरक मलाही माहीत नव्हता.

शाखाप्रमुखांनी त्यांना शिकवलं, घरं तीन प्रकारची. आपलं, परकं आणि काठावरचं. काठावरच्या घरी उमेदवाराने स्वतः जायचं, हात जोडून. आता आमची जुनी पद्धत तुम्ही जाणताच. आम्ही शाखेत चहा पीत पीतच गल्ल्या ठरवायचो. “ही गल्ली?” “आपलीच!” “ती?” “तीही आपलीच!” त्याआधीच्या दोन्ही निवडणुकांत अख्खा वॉर्ड आपलाच होता. मतं तेवढी परकी निघाली.

पोरांना ही पद्धत सांगायचं राहूनच गेलं. “एकही घर सोडू नका,” असं शाखाप्रमुख सवयीने म्हणाले आणि यांनी खरंच सोडलं नाही. दोघं आठवडाभर जिने चढत होती. मग भर बैठकीत ही ‘पण का’ उभी राहिली.

“काका, तुमच्या गल्लीत एकच घर काठावर आहे.”

“कुणाचं गं?”

“तुमचं.”

हसा, हसा. तेव्हाही असेच हसले होते सगळे. मी म्हटलं, “अगं, तिथे आमची मंडळी राहते!” तर म्हणाली, “हो, काकूच होत्या. म्हणाल्या, अजून ठरलं नाही, उमेदवार आलेच नाहीत.” शाखाप्रमुख म्हणाले, “घरच्या माणसाला काय विचारायचं?” यावर ही काय म्हणाली असेल, ते तुम्हीच ओळखा.

नियम म्हणजे नियम. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांनी मला माझ्याच दारात उभं केलं. खिशात किल्ली असताना मी बेल वाजवली. बायकोने दार उघडलं आणि म्हणाली, “कोण हवंय?”

मला पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. मी जाहीरनामा सुरू केला, रस्त्यावर दिवे लावणार वगैरे. ही म्हणाली, “आणि आपल्या जिन्यातला बल्ब?” मी उत्तर जुळवतोय तोवर शिडी उठला आणि बदलूनही आला. नंतर ही शांतपणे म्हणाली, “अहो, ही तिसरी निवडणूक. सगळ्या वॉर्डापुढे हात जोडलेत. मला कधी विचारलंत?”

मित्रहो, माइकसमोर मी कधी अडखळत नाही. तिथे अडखळलो. लोकांना जवळचं दिसावं म्हणून चष्मे देणारा माणूस मी! फार लाज वाटली. कसाबसा म्हणालो, “आज विचारतो. देशील का मत?” ही म्हणाली, “विचार करते,” आणि उमेदवाराला दारापर्यंत सोडून तिने कडी लावली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मी आपटलो. शिडी ढसाढसा रडला. ही पोरगी तर पहिल्यांदाच काही विचारेना. मला घरी सोडायला दोघं आली. बायकोने दार उघडलं, आमची तोंडं पाहिली आणि म्हणाली, “मी तुम्हालाच दिलं हो.”

मी म्हटलं, “ते तर तू दरवेळी देतेसच.”

“दरवेळी कुठे? या वेळी पहिल्यांदा.”

पडलेला उमेदवार जिन्यात उभा राहून खो खो हसत होता. पोरांना वाटलं, पराभवाने काकांचं डोकं फिरलं. मुलांनो, डोकं ठिकाणावर होतं. इतकं मोलाचं मत मला कधीच मिळालं नव्हतं आणि ते तुम्ही मिळवून दिलंत.

तिकडे जाऊन कुठल्याही पक्षाचं काम करा. शाखाप्रमुख, डोळे वटारू नका! पण करा. त्याआधीच्या दोन वेळी बायकोने मत कुणाला दिलं, हे विचारायचं धाडस माझ्यात नाही. गाडी सुटायच्या आत तुमच्यापैकी कुणीतरी विचारून घ्या.

आपण सगळ्यांनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. घरच्या मतदाराची माफी मात्र मी घरी जाऊन मागतो. टाळ्यांच्या गजरात मागितलेली ती धरत नाही.

नमस्कार.