अमेरिकेच्या दुकानातली आमची चारोळी

जमलेल्या बायांनो, भावांनो. सुमित्रा, बेटा. आणि तिकडं मागं चिचेखाली उभे आहेत ते सगळे, या, समोर या. बसायले जागा आहे.

सरपंचभाऊनं मले म्हटलं, गुरुजी, दोन शब्द बोला. या गावच्या शाळेत मी जन्मभर बोलतच आलो. तुमच्यातल्या अर्ध्याइले मी बाराखडी शिकवली. पण आज, भाऊ, दोन शब्दांत होणार नाई. आणि माहं बोलणं ऐकून कोणी मधातच उठून गेलं, तर मी त्याले थांबवणार नाई.

कौशीबाई मडावी गेली. तीन दिवस ताप. चामोर्शीले दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात चढला, उशीर झाला. सुमित्रा, तुही माय कधी आजारी पडलेली कोणी पाह्यली होती का? मी तर नाई पाह्यली.

ती कोण होती हे तुमाले सांगायची गरज नाई. तरी सांगतो. बाहेरगावची मंडळी आली आहेत, त्याइच्यासाठी सांगतो.

आपल्या जंगलात चारीचं झाड आहे. उन्हाळ्यात त्याले काळी-जांभळी फळं येतात, त्याइलेच चार म्हणतात, आत बी, बी फोडली की चारोळी. आधी काय होत होतं? दुसऱ्यानं तोडायच्या आत आपण तोडू, म्हणून लोक कच्चीच चार ओरबाडत. फांद्याच्या फांद्या पाडत. कौशीबाईनं बाया जमवल्या आणि सांगितलं, पिकल्याशिवाय कोणी हात लावायचा नाई. माह्या सख्ख्या साळ्यानं एक डांग, चांगली जाड फांदी, तोडली. तिनं ती डांग त्याच्या खांद्यावर देल्ली आणि त्याले गावभर फिरवलं. मी मधात पडलो तर मले म्हणते, "गुरुजी, तुमी शाळेत पोराइले उभं करता, मी काई म्हनतो का?"

अशी बाई. त्या बाईच्या शब्दावर चारोळीवाल्या बायांचा हा गट उभा राह्यला. कागद नंतर झाले.

मग ती कंपनी आली.

परदेशातली कंपनी. तिकडं युरोपात तिची गल्लीगल्लीत किराण्याची दुकानं. आता तिले अमेरिकेत दुकानं उघडायची होती. एक नाई, शहराशहरात. आणि त्या दुकानांत एक फळी फक्त रानातल्या खाण्याची ठेवायची होती. त्यासाठी तिले आपली चारोळी पाहिजे होती. चंद्रपूरले त्याइनं ऑफिस उघडलं. तिथून एक मॅडम आली. तरुण, गोड बोलणारी. कौशीबाईच्या आंगणात मांडी घालून बसली, अंबाडीची भाजी आणि भात खाल्ला, दुसऱ्यांदा मागून घेतला. जाताना कौशीबाईले "आई" म्हणून गेली.

दुसऱ्या खेपेले तिनं अटी आणल्या. इंग्रजीत होत्या. वाचून मीच सांगितल्या. चारोळी फोडून, निवडून द्यायची. बी नाई, दाणा पाहिजे. आणि दुसरी अट, एक दाणाही दुसऱ्या कोणाले विकायचा नाई.

बायाइनं विचारलं, "चामोर्शीच्या शेटले काय सांगाचं? तो इतके साल घेऊन राह्यला."

कौशीबाई माह्याकडं पाहून म्हणाली, "गुरुजी, तुमी कागद वाचला. भरोसा करावं का?"

मी काय म्हटलं, आठवते का कोणाले? मी म्हटलं, "करा. एवढी मोठी कंपनी आहे. खोटं काऊन बोलन?"

माह्या तोंडचे शब्द आहेत हे. तिचे नाईत.

तिनं बायाइले सांगितलं, शेटले नाई म्हना. शेट घरी आला, तिनं त्याले चहा पाजला आणि तोंडावर नाई म्हटलं. तो उठताना एवढंच बोलला, "बाई, मी जवळ आहो, ते दूर आहेत." तिले ते वाईट लागलं. मले हसू आलं.

पहिल्या साली सारं मस्त झालं. ट्रक आला, माल गेला. मग एक दिवस भर दुपारी मॅडम आली आणि तिनं मोबाइलवर अमेरिकेचं दुकान दाखवलं. इथीच, याच गोटुलसमोर, गावच्या सभेच्या जागी, साऱ्या बाया मोबाइलवर वाकल्या होत्या. चकचकीत फरशी, काचेचे दरवाजे, आणि फळीवर आपली चारोळी. पाकिटावर कौशीबाईचा फोटो. बाया टाळ्या वाजवून राह्यल्या. सुमित्रा, तू तर रडली होतीस. कौशीबाई मात्र कपाळाले आठ्या घालून पाहत होती. म्हणते, "दुकान तं मोठं आहे, पन मानसं कुठी आहेत?"

मॅडम हसली. म्हणाली, "आई, हे उद्घाटनाच्या आधीचं आहे."

आम्हाले पटलं. आम्हाले सारंच पटत होतं.

आता जे सांगतो ते मी घरी बायकोलेही सांगितलं नाई.

दुसऱ्या सालची चार पिकायले यायची होती. अजून कोणी जंगलात गेलं नव्हतं. गटाचा ईमेल माह्या मोबाइलवर येते, तुमाले माहीत आहे. त्यावर कंपनीचं पत्र आलं. चार ओळी. अमेरिकेतली दुकानं चालली नाईत, कंपनी तिथून निघून राह्यली, यापुढं खरेदी बंद. तुमच्या सहकार्याबद्दल आभार. खाली मॅडमचं नावही नाई.

मी ते वाचलं. आणि मोबाइल खिशात टाकला.

काऊन? मी किती वेळा स्वतःले विचारलं. मले वाटलं, काई चूक झाली असन. मी उलट पत्र टाकलं. उत्तर नाई. आणखी एक टाकलं. मॅडमले फोन लावला, ती उचलेना. म्हटलं, चार दिवस थांबू. चार दिवसांत चार पिकली. बाया जंगलात गेल्या. पाट्या भरून येऊन राह्यल्या, फळं भिजवून राह्यल्या, चोळून राह्यल्या, वाळवून जात्यावर फोडून राह्यल्या. मी रोज त्या आंगणावरून जात होतो. कौशीबाई म्हणे, "गुरुजी, औंदा दाना टपोरा आहे." मी म्हणो, "हो, बाई." पहिल्या दिवशी सांगणं कठीण होतं. दहाव्या दिवशी ते मले जमण्यासारखंच राह्यलं नाई. लोक म्हणतील, गुरुजीनंच भरोसा करायले लावला होता. एवढीच भीती होती, बायांनो. एवढीच.

ट्रक आला नाई. कौशीबाई म्हणाली, चंद्रपूरले जाऊन पाहू. मी संगं गेलो. बसमध्ये ती खिडकीजवळ, मी बाजूले. आष्टीचा पूल गेला, गोंडपिपरी गेलं. तिनं फडक्यात मॅडमसाठी चारोळी बांधून घेतली होती. मोबाइलमध्ये ते पत्र होतं आणि मोबाइल माह्या खिशात होता.

ऑफिसले कुलूप. पाटीच्या जागी भिंतीवर नुसती भोकं. चौकीदार म्हणाला, "वो लोग तो कब के चले गये, अम्मा. होली के पहले."

ती पायरीवर बसली. पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर मले विचारलं. ओरडली नाई, साधं विचारलं. "गुरुजी, तुमाले काई ठाऊक होतं का?"

मी म्हटलं, "नाई."

ती म्हणाली, "मंग आपन दोघंई फसलो." आणि उठली.

कंपनीनं तिले फसवलं, हे सारं गाव जाणते. ज्यानं तिच्या बाजूले बसून तिले फसवलं, तो मी आहो.

पुढचं तुमाले माहीत आहे. आम्ही परतलो आणि लगेच पावसाचं पाणी लागलं. बी तशीच ठेवली असती तर टिकली असती, पण दाणा फोडलेला. खवट झाला, अळ्या पडल्या. इथीच सभा भरली. कोणी म्हटलं, "तुहा फोटो अमेरिकेत लागला, आमची मेहनत सडली." कोणी म्हटलं, कंपनीनं तिले वेगळं काई देल्लं असन. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. कौशीबाई उभी राह्यली आणि म्हणाली, "शेटले नाई मी म्हनलं. कंपनीले हो म्हना, हेई तुमाले मीच म्हनलं. चूक माही आहे." माहं नाव घेतलं नाई. 'गुरुजीनं सांगितलं' एवढं म्हणाली असती तर खोटं झालं असतं का? तिनं ते म्हटलं नाई. आणि 'चूक माही आहे' हे मी तिले म्हणू देल्लं.

तेव्हापासून कितीतरी घरी तिले कोणी पाटावर बस म्हटलं नाई.

खवट माल शेटनं घेतला नाई. कोणी म्हटलं, चांगल्यात मिसळून विकू. तिनं मिसळू देल्लं नाई. पुढच्या उन्हाळ्यात ती एकटी जंगलात गेली. एकटीनं वेचली, आणि चामोर्शीच्या बाजारात जमिनीवर पोतं टाकून एकटी बसली. त्याच्या पुढच्या साली दोघी जणी तिच्या बाजूले बसल्या. त्या दोघी इथी आहेत. नाव घेत नाई, त्याइले आवडणार नाई. बाकीच्या अजून आल्या नाईत.

मी म्हणत होतो, एक दिवस सांगीन. ती ताप घेऊन गाडीत निजली होती, तेव्हाही मी गाडीपाशी उभा होतो. म्हटलं, बरी होऊन येऊ दे, मग सांगीन.

सुमित्रा, तुह्या मायनं या गावाले फसवलं नाई. हे तुले मी तिच्यासमोर सांगायले पाहिजे होतं. तुह्यासमोर सांगून राह्यलो, ते अर्धंच आहे. माफी मागत नाई. ती देणारी आता नाई, आणि तुह्याकडून मागायचा मले हक नाई. ते पत्र मी छापून आणलं आहे, मराठीत लिहूनही आणलं आहे. इथी टेबलावर ठेवतो. ज्याले वाचता येते त्यानं वाचावं आणि ज्याले येत नाई त्याले वाचून दाखवावं. सारं वाचावं, एक ओळ सोडू नये.

आणि ज्या बायाइनं तिच्याशी बोलणं सोडलं होतं, त्याइनं तो राग आज तिच्यावरून काढून माह्यावर ठेवावा. माहं घर शाळेच्या मागं आहे. मी कुठी जाणार नाई.

आता आपण उभे राहू. डोळे मिटायचे असतील त्याइनं मिटावे. मी तिच्या पोरीकडं पाहत उभा राहीन.

कौशीबाई, तुमाले शेवटचा सेवा जोहार.